बंद पाकिटाचा हक्क

१९८६ साली संसदेच्या दोन्ही सभागृहांनी टपाल कायद्यात दुरुस्ती करणारे एक विधेयक मंजूर केले. नागरिकांची पत्रे अडवून उघडण्याची मुभा १८९८ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यात होतीच. ती या विधेयकाने आणखी रुंदावणार होती. विधेयक सहीसाठी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्याकडे गेले. त्यांनी सही केली नाही, नकार कळवला नाही आणि ते परतही पाठवले नाही. त्यांच्यानंतर आलेल्या आर. वेंकटरामन यांनी १९९० मध्ये ते फेरविचारासाठी संसदेकडे धाडले आणि अखेर २००२ मध्ये ते मागे घेतले गेले. पत्र वाचण्याचा वाढीव अधिकार सरकारला द्यावा की नाही, हा प्रश्न या देशात सोळा वर्षे टांगणीला लागला होता.

टपाल अडवण्याचा अधिकार २०२३ च्या नव्या टपाल कायद्यातही आहे, पण आता त्याची फारशी कुणाला झळ लागत नाही. कारण पत्रच टपालाच्या पेटीतून निघून खिशातल्या मोबाइलमध्ये आले आहे. बहिणीची विचारपूस, डॉक्टरांना पाठवलेला रक्ताचा रिपोर्ट, वकिलाला केलेला प्रश्न, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल मैत्रिणीला लिहिलेल्या चार ओळी, हे सारे तिथे असते. म्हणून १९८६ चा वाद संपलेला नाही. तो जागा बदलून एण्ड-टू-एण्ड एन्क्रिप्शन या अवघड नावाखाली चालू आहे. माझे म्हणणे सरळ आहे: दोन माणसांमधले बोलणे त्या दोघांचेच राहिले पाहिजे, आणि ते तसे ठेवणारे कुलूप सरकारने, कंपनीने किंवा आणखी कुणी पोखरू नये.

कोणते बोलणे उघडे आणि कोणते बंद, याची जाण आपल्या समाजाला नवी नाही. पोस्टकार्ड कुणीही वाचू शकते, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणूनच निधनाची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायची रीत पडली. मजकूर वाचण्याआधीच घराला कळावे, पोस्टमनच्या चेहऱ्यावरून शेजाऱ्यालाही कळावे, असाच त्यामागचा हेतू. पण मुलीच्या सोयरिकीतला अडलेला मुद्दा किंवा सावकाराच्या देण्याचा आकडा कुणी कार्डावर लिहीत नसे. त्यासाठी डिंक लावून मिटलेले आंतरदेशीय पत्र होते, बंद पाकीट होते. ज्याला अक्षर येत नव्हते, त्यालाही शेजारच्या मास्तरांकडून पत्र लिहून घेताना हा फरक बरोबर कळत होता. पाकीट बंद केले म्हणून त्याच्यावर कुणी संशय घेत नव्हते.

मोबाइलवरचा साधा एसएमएस हे पोस्टकार्ड आहे. तो दूरसंचार कंपनीच्या यंत्रणेतून जातो आणि तिथे तो वाचता येतो. एण्ड-टू-एण्ड एन्क्रिप्शनमध्ये मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो. मधला सर्व्हर फक्त बंद पेटी पुढे सरकवतो. हे कसे जमते? खटक्याचे कुलूप डोळ्यांसमोर आणा. लावायला किल्ली लागत नाही, दाबले की बसते. मी अशी शेकडो उघडी कुलपे गावभर वाटून ठेवतो. किल्ली मात्र एकच, आणि ती माझ्या घराबाहेर कधी जात नाही. ज्याला मला काही पाठवायचे असेल त्याने ते पेटीत घालावे आणि माझे कुलूप दाबावे. एकदा दाबले की त्याला स्वतःलाही ती पेटी उघडता येत नाही. अनोळखी माणसांनी आधी भेटून किल्ली ठरवल्यावाचून गुप्त बोलता येईल, असा हा विचार व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली जगापुढे मांडला. तोवर गुप्त लेखन ही राजांची, सेनापतींची आणि वकिलातींची मिरास होती.

सामान्य माणसाच्या हाती ती यायला आणखी चाळीस वर्षे लागली. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी तयार केलेली सिग्नलची पद्धत व्हॉट्सॲपने स्वीकारली आणि एप्रिल २०१६ मध्ये ती आपल्या सर्व ग्राहकांना लागू केली. या पद्धतीत प्रत्येक निरोपागणिक किल्ली बदलते आणि वापरलेली किल्ली जणू विहिरीत टाकून दिली जाते. आज कुणी एक किल्ली हस्तगत केली, तरी तिने कालचे निरोप उघडत नाहीत. यातली खरी क्रांती मला गणितापेक्षा वेगळ्याच ठिकाणी दिसते. हे कुलूप कुणाला मागावे लागले नाही, विकत घ्यावे लागले नाही, शिकावे लागले नाही. भाजी विकणाऱ्या बाईच्या निरोपाला आणि मंत्र्याच्या निरोपाला एकाच जातीचे कुलूप लागले. खासगीपणा ही मोठ्या माणसांची चैन राहिली नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती महाराष्ट्राच्याच मातीतून सांगितली पाहिजे. १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होते. जमावाने या पाच जणांना टोळीतले समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. त्याच काळात देशाच्या इतर भागांतही अशाच अफवांनी बळी घेतले. साऱ्या देशाने विचारले: हा निरोप पहिल्यांदा कुणी पाठवला? व्हॉट्सॲपचे उत्तर होते की निरोप कुलूपबंद असल्यामुळे आम्हाला ते सांगता येत नाही. पाच प्रेते समोर असताना हे उत्तर कोडगे वाटले, यात नवल नाही. कुलपाविरुद्धच्या जनमताला तिथून धार आली.

त्या पाच जणांचा विचार मनातून काढून मला या विषयावर लिहिता येत नाही. म्हणूनच विचारतो: राईनपाड्यात गुप्त काय होते? तो निरोप हजारो हातांत होता. बाजारात ज्याच्याकडे मोबाइल होता, त्यातल्या कुणालाही तो पोलिसांना दाखवता आला असता. अफवा म्हणजे गुपित नव्हे. अफवा हे सगळ्यात उघडे बोलणे आहे. ती जितकी उघडी, तितकी तिची ताकद जास्त. बंद पाकिटाने अफवा पसरत नाही, ती पसरते एकाच वेळी शेकडो हातांत कागद ठेवता येण्याच्या सोयीने. रोग त्या सोयीत होता आणि इलाजही तिथेच सापडला. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे ढकलता येईल अशी मर्यादा आणायचे ठरवले, पुढे जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले गेले. असे निरोप त्यानंतर ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीने सांगितले. एकाही माणसाचे एकही पत्र न उघडता हे साधले.

सरकारने मात्र दुसरी वाट धरली. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे नवे नियम जाहीर झाले. त्यातल्या नियम ४(२) नुसार, ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत ग्राहक असलेल्या आणि मुख्यतः निरोप पोचवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीने, न्यायालयाचा किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आल्यास निरोपाचा ‘पहिला प्रवर्तक’ शोधून दिला पाहिजे. मजकूर सांगण्याची सक्ती नाही, असेही नियम म्हणतो. वाचताना हे रास्त वाटते. पण कोणता निरोप उद्या गुन्ह्याचा ठरेल, हे आज कुणालाच माहीत नसते. म्हणजे एकाचा माग काढायचा तर सगळ्यांच्याच निरोपांवर आधीपासून खूण करून ठेवावी लागणार. हे नियम आले तेव्हा सरकारनेच भारतात व्हॉट्सॲपचे ५३ कोटी ग्राहक असल्याचे सांगितले होते. एका घरी चोरी होईल म्हणून साऱ्या तालुक्याच्या बोटांचे ठसे रोज घेण्यासारखे हे आहे.

आणि ‘मजकूर सांगू नका, फक्त नाव सांगा’ या सवलतीतही फारसे काही उरत नाही. विचारायला येणाऱ्याच्या हाती मजकूर आधीच असतो. त्याला नाव मिळाले की मजकूर आणि माणूस एकत्र येतात. पत्र वाचण्याचा अर्थ याहून वेगळा काय असतो?

ही खूण करायची कशी, यावरही जाणकारांत वाद झाला. मद्रास उच्च न्यायालयातल्या प्रकरणात २०१९ साली आयआयटी मद्रासचे प्रा. व्ही. कामकोटी यांनी निरोपासोबत मूळ पाठवणाऱ्याची ओळख जोडण्याची सूचना केली. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. मनोज प्रभाकरन यांनी तिच्यातले दोष दाखवून दिले. दुसरा एक मार्ग सुचवला जातो, तो प्रत्येक निरोपाचा गणिती ठसा साठवण्याचा. पण हा ठसा इतका हळवा असतो की मजकुरात एक अनुस्वार वाढला किंवा एक मोकळी जागा पडली तरी तो पुरता बदलतो. अफवा रचणारा सराईत माणूस एक काना खोडून सुटेल. मजकूर जसाच्या तसा पुढे पाठवणारी साधी बाई मात्र अडकेल. शिवाय नियमातच म्हटले आहे की मूळ प्रवर्तक परदेशात असेल, तर भारतातल्या पहिल्या माणसाला प्रवर्तक मानायचे. दुबईतल्या भावाने पाठवलेला निरोप काळजीपोटी घरच्या ग्रुपवर टाकणारी सांगलीची बहीण कायद्याच्या नजरेत त्या मजकुराचा उगम ठरू शकते. व्हॉट्सॲपने या नियमाला २०२१ च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एन्क्रिप्शन मोडायला लावले तर आम्हाला इथून जावे लागेल, असे कंपनीच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयात सांगितले. मला त्या कंपनीची काळजी नाही, तिचा धंदा ती पाहून घेईल. काळजी आहे ती त्या सांगलीच्या बहिणीची.

यावर नेहमीचे उत्तर असे: चांगल्या माणसांच्या हाती एक राखीव किल्ली द्या, ती फक्त कायद्याने वापरली जाईल. हे उत्तर प्रामाणिक असू शकते, पण ते कुलपाच्या स्वभावाविरुद्ध जाते. किल्लीला धरणाऱ्याची नियत कळत नाही. ग्रीसमध्ये हे घडून गेले आहे. व्होडाफोन ग्रीसच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगसाठीची सोय यंत्रणेतच होती. २००४ च्या उन्हाळ्यात कुणीतरी शिरकाव करून ती गुपचूप चालू केली आणि पंतप्रधान कोस्तास कारामानलिस यांच्यासह शंभरावर लोकांचे फोन कित्येक महिने ऐकले. हे उघडकीस आले तेही योगायोगाने. काही एसएमएस पोचत नाहीत म्हणून २००५ च्या सुरुवातीला तपासणी झाली आणि चोर सापडण्याऐवजी चोरवाट सापडली. पोलिसांसाठी ठेवलेले दार पंतप्रधानांच्याच घरात उघडले होते.

अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने दूरसंचार कंपन्यांना टॅपिंगची सोय ठेवणे सक्तीचे केले. तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, चीनशी जोडल्या गेलेल्या हॅकरांनी तिथल्या बड्या दूरसंचार कंपन्यांत शिरकाव केल्याचे उघड झाले आणि न्यायालयीन आदेशाने होणाऱ्या टॅपिंगच्या यंत्रणांपर्यंतही ते पोचले. त्या डिसेंबरात अमेरिकी सरकारच्याच सायबर सुरक्षा संस्थेने महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना सल्ला दिला की एण्ड-टू-एण्ड एन्क्रिप्शन असलेले ॲप वापरा. हे कुलूप नको म्हणून ज्या देशाच्या तपासयंत्रणा वर्षानुवर्षे भांडत आल्या, त्याच देशाला अडचणीच्या वेळी त्याचाच आसरा घ्यावा लागला. नागरिकांचे कुलूप कच्चे ठेवून देश पक्का राहत नाही, याला याहून वेगळा पुरावा मला लागत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो टाळणे लबाडीचे होईल. मुलांचे लैंगिक शोषण करणारे, दहशतवादी, खंडणीखोर हेसुद्धा हेच कुलूप वापरतात. त्यामुळे काही गुन्हे उशिरा कळतील, काही कधीच कळणार नाहीत. ही किंमत खरी आहे. ज्या आईच्या लेकराला त्रास झाला आहे, तिच्यापुढे उभे राहून ‘गणित असे आहे’ म्हणणे मला जमणार नाही.

पण घराच्या चार भिंतींचेही असेच आहे. त्या भिंतींआड किती बायकांनी मार खाल्ला, किती मुलांचे हाल झाले, याची मोजदाद नाही. म्हणून आपण घरे काचेची करा असे म्हटले नाही. आपण २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा केला. भिंतीआतल्या बाईला दाद मागण्याचा हक्क दिला, संरक्षण अधिकारी दिला. भिंत ठेवली आणि आतल्या माणसाचा आवाज मोठा केला. निरोपांच्या बाबतीतही वाट तीच आहे. एण्ड-टू-एण्ड म्हणजे दोन्ही टोकांना मजकूर उघडाच असतो. ज्याला धमकी आली, ज्या मुलीला घाणेरडे चित्र आले, ज्या निवृत्त शिक्षकाला ‘डिजिटल अटके’ची भीती घालून लुटले, त्याच्या फोनमध्ये पुरावा पडलेला असतो. व्हॉट्सॲपवर ग्राहकाने तक्रार केली की समोरच्याचे शेवटचे पाच निरोप कंपनीकडे जातात. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. पण तक्रार घ्यायला जाणकार शिपाई हवा, प्रयोगशाळेत फोन तपासायला माणसे हवीत, आणि पोलीस ठाण्यात गेलेल्या मुलीला ‘तू कशाला बोललीस त्याच्याशी’ असे ऐकवले जाता कामा नये. हे सारे करायला पैसा लागतो आणि धीर लागतो. कुलूप फोडायचा हुकूम काढायला एक कागद पुरतो, म्हणूनच त्याचा मोह पडतो.

तपासाच्या वाटा कुलपामुळे बंद होत नाहीत. कोण कुणाशी, केव्हा, किती वेळा बोलले, ही माहिती बहुतेक सेवांकडे राहते. फोन रीतसर जप्त करता येतो. २०२० साली मुंबईत चित्रपटसृष्टीतल्या लोकांची व्हॉट्सॲपवरची बोलणी वृत्तवाहिन्यांवर दिवसरात्र वाचून दाखवली गेली, तेव्हा अनेकांना वाटले की एन्क्रिप्शन मोडले. एन्क्रिप्शन जागेवरच होते. अशी बोलणी हाती लागायला फोन किंवा त्याची प्रत पुरते. पण कुणाच्या फोनमधले खासगी बोलणे तपासाबाहेर फुटून साऱ्या देशाची करमणूक व्हावी, हे मात्र लाजिरवाणे होते. कुलूप न फोडता मिळणाऱ्या अधिकारालाही लगाम लागतो, हे त्यातून दिसले.

पेगसस हा त्याचा आणखी गंभीर दाखला. एनएसओ या इस्रायली कंपनीची ही प्रणाली फोनमध्येच घुसते आणि निरोप उघडल्यावर वाचते. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपमधल्या एका त्रुटीतून जगभरातले सुमारे १,४०० लोक तिचे लक्ष्य झाल्याचे उघड झाले, त्यांत भारतातलेही अनेक होते. म्हणजे वाचणारे वाचूच शकतात. आपला प्रश्न असा असायला हवा की कुणाच्या परवानगीने. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला बंधने घातली: आदेश गृहसचिवाचा हवा, आढावा समिती हवी. पण आदेश देणारा सचिव आणि आढावा घेणारेही सचिवच. मधे न्यायाधीश कुठेच नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्या निकालानंतर तरी ठरावीक माणसावर, ठरावीक कारणाने, ठरावीक मुदतीसाठी आणि न्यायाधीशाच्या सहीने पाळत, एवढी अट कायद्यात यायला हवी होती.

‘मी काही वाईट करत नाही, मग मला लपवायचे काय?’ असे विचारणारे सज्जन पुष्कळ भेटतात. त्यांना मी तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी आठवायला सांगतो. माहिती अधिकाराच्या बळावर जमिनींचे गैरव्यवहार खणून काढणाऱ्या या माणसाची १३ जानेवारी २०१० रोजी भर सकाळी हत्या झाली. त्यांनीही काही वाईट केले नव्हते. अशा माणसाला कागद आणून देणारा कारकून, मुकादमाविरुद्ध बोलणारी ऊसतोड कामगार, संस्थाचालकाची तक्रार करणारी शिक्षिका, यांना लपवायचे असते ते स्वतःचे नाव. ते नाव सुरक्षित राहिले तरच उघड्यावर येण्याजोगे सत्य उघड्यावर येते. सार्वजनिक धैर्याची सुरुवात बहुधा खासगी बोलण्यातून होते. दोघे जण आधी एकमेकांशी निर्धास्त बोलतात, मग चौघांसमोर उभे राहतात.

या कुलपाची राखण थोडी आपल्याही हाती आहे. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला एण्ड-टू-एण्ड एन्क्रिप्शनची सोय २०२१ पासून आहे, ती चालू करावी लागते. टेलिग्रामवरचे साधे बोलणे या अर्थाने कुलूपबंद नसते, फक्त ‘सीक्रेट चॅट’ असते. महत्त्वाच्या माणसाशी बोलताना दोघांच्या फोनवरचा साठ आकडी सुरक्षा क्रमांक एकदा ताडून पाहावा. आणि खात्री नसलेला निरोप पुढे पाठवू नये. राईनपाड्यातल्या पाच जणांना अफवेच्या पहिल्या प्रवर्तकाचे नाव कळून वाचवता आले नसते. तो निरोप आलेल्या हजारोंपैकी पुरेशा लोकांनी तो पुढे पाठवला नसता, तर ते वाचले असते. बाजारातल्या पुरेशा लोकांनी मधे पडून ‘थांबा, आधी विचारू’ म्हटले असते, तरी वाचले असते.

सरकारकडे माझी मागणी एवढीच आहे. १९८६ चे टपाल विधेयक संसदेत मंजूर होऊनही या देशाने शेवटी मागे घेतले आणि त्यामुळे देश दुबळा झाला नाही. नियम ४(२) सुद्धा तसाच मागे घ्यावा. पाळत ठेवायची तर न्यायाधीशाची सही आणावी, पोलीस ठाण्यांना माणसे आणि साधने द्यावीत, आणि डिंक लावून मिटलेल्या पाकिटावर ज्याचे नाव लिहिले आहे, त्यालाच ते उघडू द्यावे.